जन्ममृत्यूंच्या घरोघर पाहण्यांचे मूल्यमापन : पुणे परिसराचा अनुभव

मोशी हे गाव पुणे-नाशिक रस्त्यावर, इंद्रायणीच्या तीरी वसलेले आहे. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. तोपर्यंत तेथील जन्ममृत्यूंची नोंद गावपातळीवर होत असे. पुढे ती नागरी व्यवस्थेकडे गेली. एका बाजूस भोसरी आणि दुसऱ्या बाजूस चाकण अशा दोन औद्योगिक क्षेत्रांच्या मध्ये सापडलेल्या या गावात मूळ शेतकरी कुटुंबांच्या शेजारी भाड्याच्या खोल्यांतून राहणारे कामगार आले, आणि त्यांची कुटुंबे वर्षातून काही महिने येथे व काही महिने मूळ गावी राहू लागली. अशा वस्तीत एका वर्षात किती मुले जन्मली आणि किती माणसे मरण पावली, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सुलभ नाही. सरकारी नोंदवहीत जे लिहिले गेले तेवढेच घडले असे मानता येत नाही. आणि घरोघर जाऊन विचारले तरी सांगितले गेले तेवढेच घडले असेही मानता येत नाही.

विकसनशील देशांतील जननमान व मृत्युमान ठरविण्यासाठी घरोघर पाहणी करावी, ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यास सर्वत्र रूढ झाली. तिच्या इतिहासात पुणे परिसराचे स्थान महत्त्वाचे आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा आढावा घेऊन अशा पाहण्यांच्या मूल्यमापनाची एक बाजू मांडावयाची आहे. ती बाजू अशी की, पाहणीतील चुका केवळ गणिती स्वरूपाच्या नसतात. कोणत्या घटनेला ‘जन्म’ म्हणावयाचे, कोणत्या घटनेला ‘मृत्यू’ म्हणावयाचे आणि ‘मूल’ या शब्दात कोण मोडते, याविषयी घराची व गणकाची समजूत एक नसल्यामुळे त्या उद्भवतात. गणिताने त्यांचे माप घेता येते, पण त्यांचा उगम भाषेत व रूढीत शोधावा लागतो.

१. नोंदवहीची परंपरा

मुंबई इलाख्यातील खेड्यांतून जन्ममृत्यूंची जी नोंद ठेवली जाई ती गाव नमुना नंबर १४ या नावाने ओळखली जाते. गावाचा कोतवाल बातमी आणी, म्हणून लोकव्यवहारात तिला ‘कोतवाल बुक’ असे नाव पडले. मुलाच्या बापाचे नाव, जात, तारीख आणि मृत्यू असल्यास त्याचे कारण इतका मजकूर तीत येई. पटकी, देवी, प्लेग अशा साथींना स्वतंत्र स्थान होते. उरलेल्या बहुतेक मृत्यूंची भर ‘ताप’ या एका सदरात पडे.

या नोंदवहीचे दोष जुनेच आहेत. कोतवालास जे कळले तेवढेच तो सांगणार. वाड्यावस्त्यांवरील घटना, बाहेरगावी झालेली बाळंतपणे आणि विशेषतः जन्मल्यानंतर काही दिवसांत गेलेली मुले त्याच्या कानावर येतच असत असे नाही. १८८६ च्या कायद्याने नोंदणीस मान्यता दिली, परंतु सक्ती केली नाही; देशभर एकसारखी सक्तीची नोंदणी १९६९ च्या कायद्याने आली. नोंद नसणे ही केवळ संख्याशास्त्रज्ञांची अडचण नव्हे. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा याच जुन्या वह्यांची मोडीतील पाने पुन्हा उघडली गेली. ज्या घरातील जन्म शतकापूर्वी कोतवालाच्या कानावर गेला होता त्या घराला पुरावा मिळाला. ज्या घरातील जन्माची बातमी पोचली नव्हती, त्याला या वहीचा उपयोग नव्हता.

२. घर हे अभ्यासाचे एकक

नोंदवही सोडून घराकडे वळण्याची परंपराही याच परिसरात जुनी आहे. टॉमस कोट्स यांनी लोणी या गावाचे केलेले वर्णन १८२३ साली प्रसिद्ध झाले. सुमारे सव्वाशे वर्षांनंतरची त्या गावाची स्थिती तपासून डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९६० साली लोणीकंदवरील ग्रंथ सिद्ध केला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाशी संबंधित असलेले डॉ. हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावातील सुमारे शंभर कुटुंबांचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला. हे गावही आज पिंपरी-चिंचवडचाच भाग असून मोशीपासून फारसे दूर नाही. मान यांचा रोख जमीन व कर्ज यांवर होता, जन्ममृत्यूंवर नव्हता. तथापि कुटुंबामागून कुटुंब घेऊन त्याची स्थिती लिहून काढावयाची, ही रीत त्यांच्या अभ्यासाने रुजविली.

जन्ममृत्यूंसाठी या रीतीचा पद्धतशीर उपयोग गोखले अर्थशास्त्र संस्थेने केला. १९३० साली स्थापन झालेल्या या संस्थेची धुरा प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे असताना प्रा. वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांची पुणे जिल्ह्यातील जनन व मृत्यू यांविषयीची पाहणी १९५३ साली प्रसिद्ध झाली. पाठोपाठ १९५५ साली नी. वि. सोवनी व कुमुदिनी दांडेकर यांची नाशिक, कुलाबा आणि उत्तर सातारा या जिल्ह्यांची पाहणी आली. यांपैकी कुलाबा म्हणजे आजचा रायगड व उत्तर सातारा म्हणजे आजचा सातारा जिल्हा होय. १९५९ साली कुमुदिनी दांडेकर यांनी सहा ग्रामीण समाजांची लोकसंख्याविषयक पाहणी प्रसिद्ध केली. विवाहित स्त्रियांना किती अपत्ये झाली, त्यांपैकी किती हयात आहेत, अशी विचारपूस करून नोंदवहीवर अवलंबून न राहता जननमान व मृत्युमान काढण्याचा हा प्रयत्न होता. स्वतंत्र भारतातील लोकसंख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्या आरंभीच्या कामांत त्याची गणना करावी लागते.

३. दोन वह्यांची गाठ

पाहणी घेतली तरी ती खरी कशावरून, हा प्रश्न उरतोच. त्याचे एक सुंदर उत्तर १९४९ साली मिळाले. कलकत्त्याजवळील सिंगूर आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात निबंधकाच्या वहीतील जन्ममृत्यू आणि १९४७ च्या घरोघरच्या चौकशीत सापडलेले जन्ममृत्यू यांची एकेक नोंद जुळवून डॉ. सी. चंद्रशेखरन व एडवर्ड्‌स डेमिंग यांनी एक रीत मांडली. पुढे डॉ. चंद्रशेखरन यांनी मुंबईतील लोकसंख्या प्रशिक्षण व संशोधन केंद्राचे संचालकपदही भूषविले. १९५६ साली चेंबूर येथे सुरू झालेले हे केंद्र म्हणजेच आजची देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था.

रीत समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. एखाद्या गावात वहीत व पाहणीत दोन्हीकडे आढळलेल्या घटना ६०, केवळ वहीत असलेल्या २० आणि केवळ पाहणीत असलेल्या १२ आहेत. पाहणीला सापडलेल्या ७२ घटनांपैकी ६० वहीत आहेत. म्हणजे वही सहापैकी पाच घटना टिपते. हेच प्रमाण पाहणीला न सापडलेल्या घटनांनाही लागू केले, तर दोन्हीकडून सुटलेल्या घटना २० गुणिले १२ भागिले ६०, म्हणजे ४ येतात. एकूण घटना ९६. ज्या घटना कोणीही लिहिल्या नाहीत त्यांचीही संख्या सांगता यावी, हे या रीतीचे वैशिष्ट्य.

परंतु तिला एक अट आहे. एका वहीतून घटना सुटणे आणि दुसरीतून सुटणे यांचा परस्परसंबंध असता कामा नये. प्रत्यक्षात तो असतो. वरीलच घटनांची दोन गटांत विभागणी करून पाहावी. जगलेल्या मुलांच्या गटात ५६ घटना दोन्हीकडे, १४ केवळ वहीत व ६ केवळ पाहणीत आहेत. जन्मून लगेच गेलेल्या मुलांच्या गटात केवळ ४ घटना दोन्हीकडे असून ६ वहीत व ६ पाहणीत आहेत. बेरीज पूर्वीचीच आहे. मात्र पहिल्या गटातील सुटलेल्या घटना दीड आणि दुसऱ्या गटातील ९ येतात. म्हणजे ४ ऐवजी साडेदहा. एकत्र हिशेबात जे दडून राहते ते गट पाडल्यावर उघड होते. स्वतः चंद्रशेखरन व डेमिंग यांनीही लहान व एकजिनसी गट पाडून हिशेब करण्याची शिफारस केली होती. मात्र ज्या गटातील घटनेविषयी घरातील माणसे कोणापाशीच बोलत नाहीत, तेथे दोन्ही वह्या एकाच वेळी मुक्या होतात, आणि गट पाडूनही ती त्रुटी पुरती भरून निघत नाही.

पाकिस्तानात १९६२ ते १९६५ या काळात याच तत्त्वावर लोकसंख्यावाढीचा मोठा प्रयोग झाला. भारतात १९६४-६५ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू होऊन १९६९-७० पासून पूर्णत्वास गेलेली नमुना नोंदणी पद्धती याच विचारावर उभी आहे. निवडलेल्या वस्तीतील स्थानिक गणक घटना घडेल तशी लिहितो. पर्यवेक्षक दर सहा महिन्यांनी घरोघर स्वतंत्रपणे विचारतो. नंतर दोन्ही याद्या जुळवून, न जुळलेल्या नोंदींची जागेवर पडताळणी होते. भारतातील अर्भकमृत्यूचे प्रमाण १९७१ साली दर हजार जन्मांमागे १२९ होते व २०२० साली ते २८ वर आले, हे या पद्धतीमुळेच सांगता येते. २०२० सालचा महाराष्ट्राचा आकडा १६ आहे.

४. काळ, स्मृती आणि पंचांग

पाहणीतील चुकांचे एक कारण स्मृती हे आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीने १९५० नंतरच्या फेऱ्यांत गेल्या बारा महिन्यांतील जन्ममृत्यू विचारले. जितकी घटना जुनी तितकी ती सांगितली जाण्याची शक्यता कमी, हा स्मृतिलोप त्या आकड्यांत कसा दिसतो याचे सविस्तर विवेचन रंजनकुमार सोम यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात केले आहे. याच्या उलट दुसरी चूकही होते. दीड वर्षापूर्वीची घटना ‘वर्षाच्या आतली’ म्हणून सांगितली जाते. एक चूक संख्या घटविते, दुसरी वाढविते. दोन्ही समप्रमाणात झाल्या तर बेरीज बरोबर दिसते, पण ती चुकीच्या घटनांची बेरीज असते. म्हणूनच केवळ अंतिम प्रमाण पटण्याजोगे आहे एवढ्यावरून पाहणी विश्वसनीय ठरत नाही.

मराठी मुलखात या प्रश्नाला पंचांगाची जोड मिळते. जुन्या पिढीतील स्त्री घटना सांगते ती ‘आखाडात’, ‘पोळ्याच्या मागेपुढे’, ‘सुगीत’ अशा खुणांनी. मोशीच्या पंचक्रोशीत आळंदीची कार्तिकी यात्रा आणि ज्ञानेश्वरांच्या पालखीचे प्रस्थान या खुणा सर्वांना परिचित आहेत. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. अधिक महिना आला की ते ३८४ दिवसांचे होते. ‘गेल्या पोळ्यापासून या पोळ्यापर्यंत’ हा काळ म्हणून कधी वर्षाहून कमी, तर कधी जास्त भरतो. कुशल गणकास ही खूण टाळता येत नाही. ती ओळखून तिचे इंग्रजी तारखेत रूपांतर करावे लागते. वयाबाबत १९१८ ची ‘मानमोडी’, १९६१ चा पानशेतचा पूर, १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ या घटनांचा आधार घेतला जाई. जेथे असा आधार घेतला गेला नाही तेथे शाळेच्या दाखल्यातील तारीख प्रमाण मानली गेली. आणि शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने महाराष्ट्रातील असंख्य माणसांचा जन्म कागदोपत्री १ जून रोजी झाला.

५. ‘मुले किती?’

स्मृतीपेक्षा खोल जाणारी अडचण शब्दांची आहे. ‘तुम्हांला मुले किती?’ हा प्रश्न निरुपद्रवी दिसतो. परंतु ‘दोन मुलं आणि एक मुलगी’ हा मराठीतील नित्याचा प्रयोग आहे; त्यात ‘मुले’ म्हणजे मुलगे. अशा बोलीच्या कुटुंबात हा प्रश्न विचारला तर मुली गळण्याचा संभव असतो. शिवाय वर्तमानकाळी प्रश्नाचे उत्तर हयात मुलांपुरतेच मिळते. लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी, कामासाठी बाहेरगावी राहिलेला मुलगा आणि वारलेले मूल ही तिन्ही त्यातून निसटतात. विल्यम ब्रास यांनी आफ्रिकेतील अपुऱ्या माहितीवरून बालमृत्यू काढण्याची रीत १९६० च्या दशकात बसविली. तिच्या वापरात हा प्रश्न तीन भागांत विचारण्याची प्रथा पडली: घरी असलेली मुले, अन्यत्र असलेली मुले आणि मरण पावलेली मुले, आणि प्रत्येक भागात मुलगे व मुली वेगवेगळे. भारताच्या १९८१ च्या जनगणनेत एकूण झालेली व हयात असलेली अपत्ये विचारली गेली. १९९२-९३ पासूनच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्यांनी प्रत्येक जन्माचा क्रमवार इतिहास घेण्याची पद्धत स्वीकारली. हा प्रवास तांत्रिक सुधारणेचा आहे, तसाच तो एका साध्या प्रश्नाची संदिग्धता क्रमाक्रमाने दूर करण्याचाही आहे.

मृत्यूविषयीची शब्दकळा याहून नाजूक आहे. वडीलधारे माणूस ‘वारते’, त्याला ‘देवाज्ञा होते’. लहान मूल मात्र ‘राहिले नाही’, ‘जगले नाही’, ‘हाती लागले नाही’. गणकाने ‘घरात कोणी वारले का?’ असे विचारले तर आठ दिवसांच्या अर्भकाची आठवण त्या शब्दाने जागी होत नाही. ते मूल ‘वारलेले’ नसतेच. ‘उपजतच गेले’ हा प्रयोगही असाच फसवा आहे. मृत जन्मलेले मूल आणि जन्मून काही क्षण श्वास घेतलेले मूल या दोहोंना तो लावला जातो. लोकसंख्याशास्त्राच्या दृष्टीने पहिली घटना जन्मही नव्हे आणि मृत्यूही नव्हे. दुसरी मात्र एक जन्म व एक मृत्यू अशा दोन घटना आहे. मूल रडले का, हालले का, असे विचारल्याशिवाय हा भेद कळत नाही.

घराच्या स्वतःच्या नोंदी म्हणजे त्याचे विधी. सोयर, पाचवी, बारसे ही जन्माची नोंद. सुतक, दहावा, तेरावा ही मृत्यूची नोंद. बारशाआधी गेलेल्या अर्भकाचे बहुतेक ठिकाणी दहन न करता दफन होते, त्याचा दहावा-तेरावा होत नाही, आणि नाव तर ठेवलेलेच नसते. ज्या मृत्यूची नोंद विधीने घेतली नाही तो मृत्यू कोतवालाला कसा कळावा, आणि चार वर्षांनी आलेल्या परक्या गणकाला आईने तो का सांगावा? मुलांची मोजदाद केल्यास दृष्ट लागते, ही समजूतही या मौनाला बळ देते.

तथापि भाषा जसे लपविते तसे दाखवितेही. आधीची मुले दगावली म्हणजे पुढच्याचे नाव दगडू, धोंडू, केरू, भिकू असे ठेवण्याची चाल होती. हे मूल नको असलेले आहे असे भासवून मृत्यूला फसवावे, असा तिचा हेतू. यादीत असे नाव येताच जाणत्या गणकाने त्या मुलाच्या आधीच्या बाळंतपणांची चौकशी पुन्हा करावयास हवी. ‘नकोशी’ या नावामागे मात्र वेगळी प्रेरणा असते. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा नावाच्या मुलींचे समारंभपूर्वक पुनर्नामकरण झाले. पाठोपाठच्या दोन हयात भावंडांत चार-पाच वर्षांचे अंतर दिसले, तर मधली जागा रिकामी आहे असे गृहीत न धरता ‘याच्या पाठीवर कोणी झाले होते का?’ असे विचारावे. ‘पाठचे भावंड’ हा मराठीतील शब्दप्रयोगच जन्मांचा क्रम जपणारा आहे. छापील तक्त्यातील प्रश्नापेक्षा त्याने अधिक घटना बाहेर येणे शक्य असते.

६. माहेर, खोली आणि हद्द

तिसरी अडचण ‘घर’ या संज्ञेची आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा महाराष्ट्रात दृढ आहे. जन्म माहेरच्या गावी घडतो, मूल सासरच्या घरचे असते. पाहणीच्या वेळी सासरी विचारले तर ‘ती बाळंतपणाला गेली आहे’ असे उत्तर येते. माहेरी विचारले तर ‘लेक पाहुणी आली आहे’. दोन्ही घरे खरेच सांगतात आणि जन्म दोन्हीकडून सुटतो, किंवा दोन्हीकडे मोजला जातो. यावर उपाय म्हणून नमुना नोंदणीत घटना कोठेही घडली तरी ती नेहमीच्या रहिवाशाच्या घरी धरण्याचा नियम आहे. परंतु नेहमीचा रहिवासी कोण, हे मोशीसारख्या वस्तीत ठरविणे कठीण. मराठवाड्यातून आलेले जोडपे, बाळंतपणासाठी गावी गेलेली पत्नी, सहा महिन्यांत बदललेली खोली: अशा कुटुंबाचा जन्म कोणत्या वस्तीच्या खात्यावर पडावा? एकट्याने राहणारा कामगार मरण पावला तर ती खोलीच रिकामी होते. पुढच्या फेरीस आलेल्या गणकास उत्तर देणारे कोणी उरत नाही. जो मृत्यू घरच मोडतो तो घरोघरच्या पाहणीस सापडत नाही, हा या पद्धतीचा अंगभूत दोष आहे.

त्यावर उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न वढू बुद्रुक येथे झाला. के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ पासून शिरूर व हवेली तालुक्यांतील बावीस गावांत लोकसंख्येची सतत देखरेख चालविली. येथे प्रत्येक व्यक्तीस क्रमांक असतो. ती आली, गेली, जन्मली वा मेली हे ठरावीक कालाने पाहिले जाते. ‘गेल्या वर्षात काय घडले?’ याऐवजी ‘मागच्या वेळी या घरात असलेला अमुक आता कोठे आहे?’ असा प्रश्न येथे विचारला जातो. दुसऱ्या प्रश्नाला मौनाने उत्तर देणे कठीण असते.

याच तत्त्वाचा प्रत्यय २००१ साली ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने दिला. डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील अनेक स्वयंसेवी संस्थांनी ग्रामीण, आदिवासी व नागरी झोपडवस्तीतील आपापल्या क्षेत्रांत जन्म व बालमृत्यू यांची काळजीपूर्वक मोजणी केली. शासकीय यंत्रणेच्या नोंदीपेक्षा बालमृत्यू कितीतरी अधिक असल्याचे तीतून निष्पन्न झाले. येथे गर्भार स्त्रीपासून मोजणी सुरू होते. गर्भारपण एकदा लिहिले की त्याचा शेवट काय झाला हे लिहावेच लागते. बारशाची वाट पाहिली जात नाही.

७. समारोप

वरील विवेचनावरून पाहणीच्या मूल्यमापनाच्या तीन पायऱ्या ठरतात. पहिली, अंतर्गत संगती: जन्मांचे अंतर, मुलगे-मुलींचे प्रमाण आणि अर्भकमृत्यूंतील पहिल्या आठवड्याचा वाटा तपासणे. पहिल्या आठवड्यातील मृत्यू अस्वाभाविकपणे कमी दिसले तर तेथे बाळे वाचली असे नसून ती सांगितली गेली नाहीत, अशी शंका प्रथम घ्यावी. दुसरी, बाह्य पडताळा: स्वतंत्र नोंदीशी एकेक घटना जुळविणे, आणि ते गट पाडून करणे. तिसरी, प्रश्नांची परीक्षा: विचारलेला शब्द उत्तर देणारीच्या बोलीत कोणत्या अर्थाने वावरतो हे पाहणे. पहिल्या दोन पायऱ्यांवर विपुल लेखन झाले आहे. तिसरीकडे मात्र, प्रश्नावलीचे मराठीकरण झाले म्हणजे काम संपले अशी समजूत असल्याने, फारसे लक्ष गेलेले नाही.

मराठीच्या बोलींतील जन्म, मृत्यू, नाते व काळ यांविषयीच्या शब्दांचा जिल्हावार संग्रह, आणि प्रत्येक शब्दाने विचारले असता किती घटना सांगितल्या जातात याची तुलना, हे काम भाषाविज्ञान व लोकसंख्याशास्त्र या दोन विभागांनी मिळून हाती घेण्याजोगे आहे. आरंभासाठी मोशीसारखे ठिकाण सोयीचे ठरेल. मूळ गावकऱ्यांची बोली आणि बाहेरून आलेल्या अनेक जिल्ह्यांच्या बोली तेथे एकाच गल्लीत ऐकू येतात. त्या अभ्यासातून हाती येणारी संख्या कदाचित लहान असेल. परंतु ती ज्यांची असेल त्या अर्भकांची नोंद विधीत नाही, वहीत नाही आणि बहुधा आईवाचून कोणाच्या स्मरणातही नाही. तिला योग्य शब्दांत विचारणे एवढाच ती मिळविण्याचा मार्ग आहे.